खर्ज: किती खाली, किती वेळ?

‘पहाटे उठून खर्ज भर, आवाज आपोआप सुधारेल,’ हे वाक्य गाणे शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेले असते. मीही ऐकले आणि बाविसाव्या वर्षी आवाज घालवून बसले. ज्यांच्याकडे शिकत होते त्यांची पट्टी काळी एक, माझी काळी चार. रियाज मात्र त्यांच्याच पट्टीत चाले. त्यांचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा आणि खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे ६९. माझा खर्ज १०४ वरच संपत होता. उरलेले अंतर मी गळा दाबून भरून काढत होते. पुढे आवाज बसला, स्वरतंतूंवर गाठी आल्या आणि काही महिने मौन पाळावे लागले. तेव्हापासून खर्ज नेमके काय करतो, हे मी शोधत आले आहे.

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचणारा शार्ङ्गदेव मंद्र स्वराचे स्थान हृदय, मध्याचे कंठ आणि तारस्वराचे मस्तक सांगतो. गाणाऱ्याला शरीरात जिथे कंप जाणवतो, त्याचे हे वर्णन अचूक आहे. पण स्वर उपजतो तो प्रत्येक वेळी कंठातच. गाताना हलणारे स्वरतंतू प्रथम पाहिले तेही एका गायनशिक्षकाने. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया यांनी दंतवैद्याचा लहान आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःच्याच घशात डोकावले. आपल्याकडे प्रा. बी. आर. देवधरांनी आवाजसाधनेच्या शास्त्राचा विचार मराठीत मांडला.

स्वर वर चढतो तेव्हा तंतू ताणले जाऊन लांब आणि पातळ होतात. खाली उतरताना ते आखूड, जाड आणि सैल होतात. सैल तंतूंवर श्वासाचा जोर केला, की स्वर चढतो, फाटतो किंवा घरघरतो. खर्जाचे खरे मोल इथे आहे. तो जोर खपवून घेत नाही. श्वास संथ आणि सारखा सोडायला भाग पाडतो. खर्जाने आवाज ‘जाड’ होतो असे म्हणतात. माझ्या मते खर्ज गळ्याला शिकवतो तो संयम.

पहाटेचे कारणही शरीरातच आहे. रात्रभर आडवे राहिल्याने तंतूंना किंचित सूज असते, म्हणून स्वर सहज खाली उतरतो. मात्र त्याच सुजेमुळे उठल्या उठल्या द्रुत ताना किंवा तारसप्तक गळ्याला जड जाते.

आता थोडा हिशेब. काळी चारच्या मध्य षड्जाला तंतू सेकंदाला सुमारे २०८ वेळा एकमेकांवर आपटतात. वीस मिनिटे सलग स्वर लावला तर हे आघात अडीच लाखांच्या घरात जातात. प्रत्येक आघात हलका असेल तर गळा तयार होतो. दाबून दिलेला असेल तर गाठ.

म्हणून माझा रोजचा क्रम साधा आहे. तानपुरा स्वतःच्या पट्टीत लावायचा. पाच मिनिटे ओठ मिटून हुंकार. मग एका श्वासात षड्ज, दोन श्वासांमध्ये पुरेसा विसावा देत. त्यानंतर नि, ध, प असे एकेक पायरी खाली. जो स्वर न दाबता, गोल आकारात लागतो तिथेच थांबायचे, मग तो मंद्र पंचम का असेना. शेवटी मध्य सप्तकात संथ पलटे. अर्धा तास पुरे. ज्येष्ठमध, खडीसाखर घशाला बरे वाटायला ठीक; पण गिळलेली कोणतीही गोष्ट अन्ननलिकेतून जाते, स्वरतंतूंना ती शिवत नाही. तंतू ओलसर राहतात ते दिवसभर प्यालेल्या पाण्याने. आणि आवाज तीन आठवड्यांहून अधिक घोगरा राहिला, तर रियाज वाढवायचा नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचे.

शार्ङ्गदेवाने ‘शारीर’ हा सुंदर शब्द दिला आहे. अभ्यासावाचूनही राग प्रकट करण्याचे आवाजाचे जे सामर्थ्य शरीरासोबतच जन्मते, ते शारीर. रियाजाने दुसऱ्याचे शारीर मिळत नाही, हे मला गाठींनी शिकवले. आपले जे आहे ते मात्र रियाजाने उजळते. आज माझा खर्ज १०४ वरच थांबतो. तिथे तो स्वच्छ लागतो, एवढे मला पुरते.