लस टोचली, पण दाखला नेमका कशाचा?

पनवेल तालुक्यातलं शिरढोण महाराष्ट्राला ठाऊक आहे ते वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव म्हणून. मुंबई-गोवा महामार्गावरच्या या पट्ट्यातून पनवेल स्टेशन गाठून लोकल धरणाऱ्यांसाठी लसीकरणाचा डिजिटल दाखला एका ठरावीक तारखेला महत्त्वाचा झाला: 15 ऑगस्ट 2021. कोविडवरचा दुसरा डोस घेऊन 14 दिवस उलटलेल्यांनाच त्या दिवसापासून लोकलने प्रवास करता येऊ लागला, तोही मासिक पास काढून. प्रमाणपत्राचा प्रिंट आणि ओळखपत्र हातात धरून लोक स्टेशनवरच्या पडताळणीच्या रांगेत उभे राहिले. पुढे राज्य सरकारचा ‘युनिव्हर्सल पास’ आला, मॉलच्या दारावर आणि कार्यालयांच्या गेटवर विचारणा सुरू झाली. 1 एप्रिल 2022 ला हे निर्बंध उठले. पण तेवढ्या काळात एक समज मनात घट्ट बसला, की लशीचा दाखला म्हणजे दारावर दाखवायची वस्तू. लसीकरणाच्या नोंदींबद्दलचे आजचे बहुतेक गैरसमज याच समजातून निघाले आहेत असं मला वाटतं. नोंद ठेवायची ती मुख्यतः पुढचा डोस कोणता आणि कधी, हे ठरवण्यासाठी. दारावरचा उपयोग हा तिचा जोडधंदा.

सगळ्यांत जास्त ऐकू येतं ते हे: ‘मोबाइलमध्ये सर्टिफिकेट आहे, म्हणजे माझं लसीकरण सरकारदरबारी नोंदलेलं आहे.’ कोविन 16 जानेवारी 2021 ला सुरू झालं ते कोविडच्या लशीसाठी. 17 जुलै 2022 ला देशाने 200 कोटी डोसांचा टप्पा ओलांडला, त्याची मोजदाद याच यंत्रणेवर झाली आणि ते काम मोठंच होतं. पण लहानपणची त्रिगुणी, जखम झाल्यावर घेतलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन, कुत्रा चावल्यावर घेतलेली रेबीजची मालिका, यातलं काही त्या प्रमाणपत्रात नाही. कोविनच्या कागदावरच्या चौकोनी क्यूआर कोडबद्दलही असाच गोंधळ आहे. त्या कोडात नाव, वय, लस, तारीख, केंद्र एवढा मजकूर असतो आणि त्यावर संगणकीय स्वाक्षरी असते. पडताळणीच्या अधिकृत पानावर स्कॅन केलं की ती स्वाक्षरी जुळते की नाही ते कळतं. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. नुसता डोळ्यांनी पाहिलेला प्रिंट, मग तो लॅमिनेट केलेला का असेना, काहीच सिद्ध करत नाही, कारण नाव बदलून तसाच कागद छापणं फार अवघड नाही. शिवाय स्कॅन जुळलं तरी समोरचा माणूस तोच आहे हे पाहायला वेगळं ओळखपत्र लागतंच. प्रमाणपत्रावर फोटो होता, पण तो पंतप्रधानांचा, धारकाचा नव्हता.

यावर कोणी म्हणेल की क्यूआर जुळला, ओळखपत्र जुळलं, मग तर पुरावा पक्का झाला ना? तिथेही थांबून पाहावं लागतं. मे-जून 2021 मध्ये मुंबईत बोगस लसीकरण शिबिरं भरवली गेल्याचं उघड झालं. कांदिवलीतल्या एका गृहसंकुलातल्या रहिवाशांना मिळालेली प्रमाणपत्रं वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची निघाली, तेव्हा लोकांना संशय आला. अशा नऊ शिबिरांत 2,053 लोक फसवले गेल्याचं राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं. दाखला खरा असणं आणि डोस खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकीय स्वाक्षरी एवढंच सांगते की ही नोंद अधिकृत यंत्रणेतून निघाली आणि नंतर तिच्यात कोणी हात घातलेला नाही. कुपीत काय होतं, सुई खरोखर टोचली का, हे ती सांगत नाही. त्यासाठी टोचणाऱ्यावर आणि त्याच्या नोंदवहीवरच भरवसा ठेवावा लागतो. उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. डोस दोन्ही खरे, पण पहिल्या वेळी एक मोबाइल नंबर आणि दुसऱ्या वेळी दुसरा दिल्यामुळे हातात ‘पहिल्या डोस’ची दोन प्रमाणपत्रं, अशी स्थिती कित्येकांची झाली. ती जोडून घेण्याची सोय कोविनवर नंतर करण्यात आली. म्हणजे लस घेतलेला माणूसही कागदावर अर्धवट राहू शकतो.

आता मूळ घोटाळ्याकडे येऊ. दाखला डोसाचा असतो, प्रतिकारशक्तीचा नसतो. लोकलसाठीची 14 दिवसांची अट मुळात याच फरकाची कबुली होती: टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, शरीराला वेळ लागतो. मग 2021 च्या अखेरीस ओमायक्रॉन आला आणि दोन्ही डोसांचे दाखले असणारेही आजारी पडले. तेव्हा ‘लस खोटी’ असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. वस्तुस्थिती अशी की लशीमुळे गंभीर आजार आणि मृत्यू यांपासून मिळणारं संरक्षण बराच काळ टिकलं, साध्या लागणीपासूनचं लवकर ओसरलं. आणि दाखल्यावर यातलं काहीच उमटत नाही, त्यावर फक्त तारखा असतात. देवीच्या काळात गोष्ट वेगळी होती. देवी काढल्यावर दंडावर उठलेला व्रण ही लस लागू पडल्याची शरीरानेच दिलेली पावती असे, म्हणून देवी निर्मूलनाच्या मोहिमेत व्रण पाहून कोणाला लस मिळाली आहे ते तपासलं जाई. ती सवय मनात इतकी मुरली आहे की बीसीजीचा व्रण बाळाच्या दंडावर दिसला नाही तर आजही घरात काळजी सुरू होते. पण बीसीजीचा व्रण प्रत्येक बाळाला उठतोच असं नाही, आणि तो नाही म्हणून लस पुन्हा देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. करंगळीवरच्या शाईचंही तसंच. पल्स पोलिओच्या रविवारी डाव्या करंगळीवर लावलेली खूण ही त्या फेरीत घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी असते, चार दिवसांत धुऊन जाते. ‘दर वेळी दोन थेंब पाजलेत, पोलिओचं काम झालं’ हे म्हणणं म्हणूनच चूक आहे. ते थेंब जादा असतात. वेळापत्रकातले जन्मानंतरचे आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस, शिवाय पोलिओचं इंजेक्शन, हे वेगळे द्यावेच लागतात आणि कार्डावर लिहिले जातात ते हेच.

हे कार्ड म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड, गावात ज्याला सरळ ‘डोसाचं कार्ड’ म्हणतात. यू-विन आल्यापासून ते आता निरुपयोगी झालं असा नवा गैरसमज रुजतो आहे. यू-विन हे कोविनच्या धर्तीवर गरोदर स्त्रिया आणि मुलांच्या नेहमीच्या लसीकरणासाठी उभं केलेलं व्यासपीठ. जानेवारी 2023 मध्ये काही जिल्ह्यांत ते प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालं आणि नंतर देशभर नेलं गेलं. त्यावरही क्यूआर असलेलं प्रमाणपत्र निघतं, पुढच्या डोसची आठवण मोबाइलवर येते, आणि रायगडात जन्मलेल्या बाळाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यातल्या नर्सला उघडता येते. हा शेवटचा फायदा पनवेलसारख्या तालुक्यात फार मोलाचा आहे, कारण इथे परप्रांतातून कामाला आलेली कुटुंबं आहेत आणि पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबंही आहेत. पण जी नोंद कोणी भरलीच नाही ती आपोआप तिथे उगवत नाही. मोठ्या मुलाचे जुने डोस आणि खाजगी बालरोगतज्ज्ञांच्या फायलीतले डोस कोणीतरी बसून चढवले तरच दिसतात. त्यात ज्या घरात मोबाइलचं सिमकार्डच दर हंगामाला बदलतं, तिथे आठवणीचा संदेश जुन्या नंबरावर जातो आणि तिथेच राहतो. कागदाची व्यवस्था इथे अजून चोख आहे. कार्डाचं एक प्रतिपर्ण नर्सबाईंकडे राहतं आणि ते महिनावार खिसे असलेल्या एका कापडी पिशवीत जातं. तिला आरोग्य कर्मचारी ‘टिकलर बॅग’ म्हणतात. बाळाचा पुढचा डोस ज्या महिन्यात, त्या महिन्याच्या खिशात त्याचं प्रतिपर्ण. महिना उजाडला की खिसा रिकामा करायचा, नावांची यादी आशाताईंकडे द्यायची, डोस झाला की प्रतिपर्ण पुढच्या खिशात. कोणाला अडवण्यासाठी नव्हे, शोधून आणण्यासाठी नोंद कशी वापरायची हे या पिशवीइतकं स्पष्ट कोणतंच अॅप दाखवत नाही.

कार्ड जपण्याचा आणि लसीकरण पुरं होण्याचा संबंध आकड्यांतही दिसतो. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कार्ड किंवा आईची आठवण यांपैकी काहीही धरून पाहिलं तर देशातल्या 12 ते 23 महिन्यांच्या 76.4 टक्के बालकांचं लसीकरण पूर्ण होतं. केवळ कार्डावरून माहिती मिळालेल्या बालकांत हे प्रमाण 83.8 टक्के होतं. अर्थात कार्डामुळेच लसीकरण झालं असा अर्थ यातून काढू नये. जे घर डोस चुकवत नाही ते कार्डही हरवत नाही, एवढंही त्यामागे असू शकतं. पण ज्याचं कार्ड सापडत नाही त्याचे डोस राहून गेले असण्याची शक्यता अधिक, हे तरी मानावं लागतं.

म्हणूनच ‘कार्ड हरवलं, आता काही होणार नाही’ हा समज सर्वांत घातक म्हणावा लागेल. त्याच्या जोडीला दुसरी भीती असते: चुकून डोस दोनदा पडला तर? वैद्यकीय नियम साधा आहे. लेखी पुरावा नसेल तर डोस दिलेलाच नाही असं समजायचं आणि वयाला लागू असलेल्या लशी द्यायच्या. गोवर-रुबेलाचा किंवा पोलिओचा एखादा डोस जादा झाल्याने अपाय होत नाही. धनुर्वाताच्या लशी फार जवळजवळ घेतल्या तर हात जास्त सुजतो, दुखतो, म्हणून तिथे डॉक्टरांना विचारावं. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवराची साथ पसरली तेव्हा साथीच्या भागांत 9 महिने ते 5 वर्षांच्या बालकांना आधी डोस झालेला असो वा नसो, एक जादा डोस देण्याचं धोरण केंद्राने सांगितलं होतं. साथीत कार्ड शोधत बसण्यापेक्षा लस देणं सुरक्षित, हाच त्याचा अर्थ. ‘मग रक्त तपासून प्रतिपिंडं आहेत का ते पाहू या’ असा शहरी उपाय सुचवला जातो. काही आजारांबाबत ती तपासणी उपयोगी आहे, परदेशातल्या काही संस्था ती स्वीकारतातही. पण प्रत्येक लशीसाठी अशी भरवशाची चाचणी नाही, आणि सरकारी केंद्रात लस फुकट मिळते, चाचणी नाही.

शाळेबद्दलही दोन टोकांचे समज आहेत. कार्ड नाही म्हणून पहिलीचा प्रवेश नाकारण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात नाही. त्या कायद्याने तर वयाचा पुरावा नसल्याच्या सबबीवरही प्रवेश अडवता येत नाही. कोविडबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 ला कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही असं स्पष्ट केलं. पण सक्ती नाही म्हणजे नोंद नको असं नव्हे. त्रिगुणीचा दुसरा बूस्टर 5-6 वर्षांना, धनुर्वात-घटसर्पाचे डोस 10 आणि 16 वर्षांना असतात. शाळेने कार्ड मागितलं तर ते याच्यासाठी.

परदेशी जाणाऱ्यांना मात्र दारावरचा पुरावा खराच लागतो, आणि तिथे आपला क्यूआर फारसा कामाला येत नाही. अमेरिकेत शाळाप्रवेशासाठी लशींच्या अटी प्रत्येक राज्याने घातल्या आहेत. तिथे गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींवरची एमएमआर लस लागते, वयाचं एक वर्ष पूर्ण झाल्यावर, किमान 28 दिवसांच्या अंतराने दोनदा. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. आणि पहिला डोस नवव्या महिन्यात असतो, तो त्यांच्या हिशेबात धरला जात नाही. कार्ड पूर्ण भरलेलं असूनही मुलाला पुन्हा लस घ्यावी लागते ती यामुळे. कार्ड अमान्य झालेलं नसतं. तारीख लिहिण्याची पद्धतही नडते: 05/09 म्हणजे इथे 5 सप्टेंबर, तिथे 9 मे. सप्टेंबर-ऑक्टोबर 2021 मध्ये ब्रिटनने आपली प्रमाणपत्रं मान्य करायला खळखळ केली, तेव्हा कोविनवर परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारीख छापण्याची सोय करावी लागली. पीतज्वराचं प्रकरण निराळंच आहे. उरण-पनवेल भागातून जहाजावर जाणाऱ्यांना ते ठाऊक असतं. ती लस फक्त नेमलेल्या केंद्रांवर मिळते, आंतरराष्ट्रीय नमुन्याच्या पुस्तिकेत केंद्राचा शिक्का बसतो, दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि जुलै 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरी पुन्हा टोचून घेण्याची गरज नाही. पीतज्वराच्या देशातून हा दाखला न घेता भारतात उतरलेल्याला मात्र सहा दिवसांपर्यंत विलग ठेवलं जाऊ शकतं.

डिजिटल नोंदींवरचा एक आक्षेप मला रास्त वाटतो, तो खाजगीपणाचा. जून 2023 मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटमध्ये मोबाइल नंबर टाकला की कोविनवर नोंदलेल्या माणसांचे तपशील बाहेर पडत असल्याचं उघडकीला आलं. आरोग्य मंत्रालयाने पोर्टल सुरक्षित असल्याचं सांगितलं, पुढे बिहारमधून अटकही झाली. ‘लपवायचंय काय त्यात?’ हे उत्तर पुरेसं नाही. नाव, जन्मसाल, ओळखपत्राचा क्रमांक एकत्र मिळाले तर फसवणूक करणाऱ्याचं निम्मं काम होतं. पण म्हणून डिजिटल नोंदच नको म्हणणं, म्हणजे वीटभट्टीवर गेलेल्या बाळाचा माग सोडून देणं. उपाय बराचसा आपल्या हातातला आहे. संपूर्ण प्रमाणपत्राचा फोटो सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर टाकू नये, मागणाऱ्याला समोरासमोर दाखवावा. बाळाच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मात्र काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावेत. आणि पुढच्या लसीकरण सत्राला जाताना नर्सबाईंकडून दोन गोष्टी पाहून घ्याव्यात: यू-विनवर बाळाचे मागचे डोस चढले आहेत का, आणि तिथे नोंदलेला मोबाइल नंबर आज चालू आहे का.