फादरांच्या नावाने आलेले पत्र

तारखात्याचा शिपाई सायकलवरून आळीत शिरला की बायका हातचे काम टाकून उंबरठ्यावर येत आणि तो आपल्या दारावरून पुढे गेला म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकीत. तारेतील शब्दाशब्दाला पैसे मोजावे लागत. त्यामुळे मोठ्यातले मोठे दुःखही चार-सहा शब्दांत बसवावे लागे. सणासुदीच्या शुभेच्छांसाठी तर खात्याने वाक्येच ठरवून त्यांना क्रमांक दिले होते. आपण क्रमांक लिहून द्यावा, पलीकडे पूर्ण वाक्य पोहोचावे. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये आपल्या देशात कायमची बंद झाली.

आज निरोप जवळजवळ फुकट जातो. परंतु जो आपल्याला फुकट पडतो, तो लबाडालाही फुकटच पडतो, ही गोष्ट आपण सोयिस्करपणे विसरतो. पूर्वी हजार माणसांना खोटी पत्रे धाडायची तर हजार तिकिटे चिकटवावी लागली असती. आज एकाच बोटाच्या दाबाने ती जातात आणि हजारांत एक जरी फसला तरी धाडणाऱ्याची दिवसाची मजुरी सुटते.

हे सारे मला सुचले ते माझ्या थोरल्या बहिणीवरून. ताई गेली पन्नास वर्षे वडोदऱ्यास आहे. शाळेतून निवृत्त झालेली, हिशेबात चोख, कोणाचे एक पैचे देणे न ठेवणारी. गेल्या वर्षी उपवासकाळात तिला ई-मेल आले. वर नाव होते तिच्या पॅरिशच्या फादरांचे. मजकूर इंग्रजीत आणि अगदी थोडका: "आपण मोकळ्या आहात काय? एक खाजगी काम आहे. मी सभेत असल्यामुळे फोन घेऊ शकत नाही." ताईने तत्काळ होकार कळविला. दुसऱ्या पत्रात खुलासा आला: कर्करोगाच्या काही रुग्णांना भेट द्यावयाची आहे, यास्तव पाच-पाच हजारांची तीन गिफ्ट कार्डे घ्यावीत, त्यांचे क्रमांक याच पत्त्यावर कळवावेत, पैसे सायंकाळी देतो, आणि तूर्त हे कोणाजवळ बोलू नये.

ताईने शेजारच्या मुलाकडून मोबाइलवर दोन कार्डे घेवविली आणि क्रमांक पाठविले. तिसरे घेण्याआधी बँकेतली शिल्लक पाहावी म्हणून ती थांबली, एवढेच तिचे दैव. दुसऱ्याच दिवशी तिच्या मनात पाल चुकचुकली होती. फादर तिला नेहमी 'बाई' म्हणतात आणि तिच्याशी मराठीत बोलतात. मग पत्रात 'डिअर' कुठून आले? पण "फादरांना पैशांविषयी विचारायचे कसे?" या भिडेने ती अकरा दिवस गप्प बसली. बाराव्या दिवशी फादर घरी आले असता तिने भीतभीत विचारले, "फादर, त्या आजाऱ्यांना कार्डे पोहोचली ना?" फादर तिच्या तोंडाकडे पाहतच राहिले.

ताईला मी भोळी म्हणणार नाही. ही युक्ती जगभर चालते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ सालीच लोकांना सावध केले होते की पाद्री, रब्बी, इमाम, बिशप अशांच्या नावाने पत्रे येतात आणि गिफ्ट कार्डांचे क्रमांक मागितले जातात. गिफ्ट कार्डच का? कारण त्याचा क्रमांक हीच रोकड. तो ज्याच्या हाती पडला त्याने तो वापरला की मामला संपला. बँकेच्या खात्याप्रमाणे मागे नाव-गाव उरत नाही. आणि धर्मगुरूच का? कारण त्यांना नकार देणे आपल्याला जड जाते आणि उलट प्रश्न विचारणे त्याहून जड जाते. लबाडाने हेरले ते यंत्रातले छिद्र नव्हे, आपल्या आदरातले.

आता ई-मेलवर दुसऱ्याचे नाव येतेच कसे, ते पाहू. पाकिटाच्या पाठीवर 'प्रेषक' म्हणून कोणाचेही नाव लिहिता येते. पोस्टमन त्याची शहानिशा करीत नाही. ई-मेलची मूळ घडण तशीच आहे. १९७१ मध्ये रे टॉम्लिन्सन या अमेरिकन अभियंत्याने संगणकांच्या जाळ्यावरून पहिले ई-मेल पाठविले आणि पत्त्यात ते वाटोळे 'अॅट' चिन्ह घातले, तेव्हा हे जाळे थोड्या संशोधकांपुरतेच होते. तिथे कुलूप-किल्लीची गरज कोणाला भासावी? पुढे तपासणीच्या व्यवस्था आल्या, आणि बऱ्याच खोट्या पत्रांना त्या वाटेतच अडवितात. परंतु कोणी नवे खाते उघडून त्यावर आपल्या फादरांचे नाव घातले, तर तो पत्ता यंत्राच्या दृष्टीने खराच असतो. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर तर नुसते नावच दिसते. त्या नावावर बोट ठेवावे म्हणजे खालचा पत्ता उघडतो. ताईला आलेल्या पत्राचा पत्ता पाहिला तेव्हा फादरांच्या नावापुढे तीन आकडे होते आणि पॅरिशच्या पत्त्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

पत्ता वाचण्याचीही एक रीत आहे. 'अॅट' चिन्हापुढचा भाग मुख्य, आणि तो शेवटाकडून वाचावा. आरंभी बँकेचे नाव असले आणि शेवट भलताच असला, तर शेवट खरा समजावा. इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी लिहिले की घाईत 'एम' वाटते. या दृष्टिभ्रमावर कित्येकांनी आपली दुकाने थाटली आहेत. बँकांपुरती एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव शेवटाखाली ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नेण्यास सांगितले. हा शेवट बँकेखेरीज कोणाला मिळत नाही. तरीही पत्रातल्या दुव्यावर बोट ठेवण्यापेक्षा पासबुकावरचा किंवा कार्डाच्या पाठीवरचा क्रमांक फिरविणे केव्हाही बरे. आणि फादरांच्या बाबतीत तर नेहमीच्या क्रमांकावर फोन करावा. ते रागावणार नाहीत. सभेत असतील तर सभा सुटेल.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. ई-मेल हे आपल्या साऱ्या खात्यांच्या किल्ल्यांचा जुडगा आहे. बँक, दुकान, रेल्वेचे तिकीट, कोठलाही पासवर्ड विसरला की नवा घेण्याचा मार्ग बहुतेक ई-मेलमधूनच जातो. म्हणून ई-मेलचा पासवर्ड दुसरीकडे कोठेही वापरू नये, आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी, म्हणजे पासवर्ड चोरीस गेला तरी आपल्या मोबाइलवरील दुसऱ्या खुणेवाचून दार उघडत नाही. व्हॉट्सअॅपमध्येही अशी सहा आकडी पिनची सोय आहे. नोंदणीचा सहा आकडी संकेत मागणारा 'चुकून तुमच्याकडे आला, जरा सांगा' असे गोड बोलतो. तो सांगितला की आपले खाते त्याच्या हाती जाते आणि मग आपल्याच नावाने आपल्या नातलगांकडे उसने मागितले जातात. लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' शेवटाची फाइल आली तर ती उघडू नये. पत्रिका म्हणजे चित्र किंवा कागद. ही फाइल म्हणजे मोबाइलमध्ये बसणारा परका कारभारी.

ताईचा पत्ता लबाडांना मिळाला कोठून, हे खात्रीने सांगता येणार नाही. परंतु त्या पॅरिशचे एक परिपत्रक सर्वांचे पत्ते सर्वांना दिसतील अशा रीतीने गेले होते. महिला मंडळ, गायकवृंद, शाळेचा माजी विद्यार्थी संघ, सगळीकडे हीच चूक होते. अनेकांना एकच पत्र धाडताना पत्ते 'बीसीसी' या रकान्यात घालावेत. मग प्रत्येकाला पत्र मिळते, पण दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही. याला दमडीही पडत नाही.

आता फसल्यावर काय करावे? वेळ घालवू नये, हेच. देशभर १९३० हा क्रमांक सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी आहे. तेथून बँकेकडे लगेच सूचना जाते आणि पैसा पुढच्या खात्यात अडलेला असेल तर गोठविता येतो. तासागणिक ती आशा कमी होत जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचे तत्त्वही लक्षात ठेवण्याजोगे आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे लाजेने गप्प बसण्याला रोखीत किंमत पडते. ताईने बाराव्या दिवशी तक्रार केली. एक कार्ड पहिल्याच दिवशी वापरले गेले होते. दुसरे शाबूत होते, ते कंपनीने बंद केले आणि पाच हजार परत मिळाले. पहिल्या दिवशी तोंड उघडते तर दोन्ही वाचते की नाही, देव जाणे. पण वाचण्याचा संभव होता.

या प्रकारानंतर ताईने फर्मान काढले: "मला तुमचे इंटरनेटच नको. साधा फोन आणि साधे एसएमएस पुरे." तिचे म्हणणे अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना नुसते बोलणे व एसएमएस एवढ्यांचीच वेगळी योजना ठेवण्याचा आदेश दिला आणि अशा योजनांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेण्यास मोकळीक दिली. जे वृद्ध इंटरनेट वापरीत नाहीत त्यांनी रोजच्या डेटाचे पैसे विनाकारण का भरावेत? दुकानदार ही योजना आपण होऊन सांगेलच असे नाही, विचारून घ्यावी.

मात्र एसएमएस मराठीत लिहिणाऱ्याला एक गोम ठाऊक असावी. एका एसएमएसमध्ये १४० बाइटांची जागा असते. रोमन अक्षरे तीत १६० बसतात, देवनागरी केवळ ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक खूण यंत्र निराळी मोजते. 'नाताळच्या हार्दिक शुभेच्छा' हा मजकूर डोळ्यांना दहा अक्षरांचा. यंत्राच्या मोजणीत मोकळ्या जागा धरून २६ भरतो. 'ख्रिस्त' या दोन-अक्षरी नावाचे सात होतात. आणि रोमन लिपीतील लांब निरोपात एकच देवनागरी अक्षर घातले तरी सारा निरोप सत्तरच्या मापाने मोजला जातो. मजकूर सत्तरच्या पुढे गेला की दोन एसएमएस, आणखी पुढे गेला की तीन. पॅक असेल तेथे हे जाणवत नाही. मोजून पैसे पडतात तेथे जाणवते. मराठीने मराठीत लिहिण्याचा हा भुर्दंड कोणी मुद्दाम लादलेला नाही, पण भरावा लागतो खरा. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात गेला आणि त्यात दोनच शब्द होते: मेरी ख्रिसमस.

इंटरनेटवरून जाणाऱ्या निरोपाला ही मोजणी लागू नाही. ताईचा मुलगा दुबईस आहे. देशातल्या एसएमएसच्या पॅकमध्ये परदेशचा एसएमएस बहुधा धरलेला नसतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात. व्हॉट्सअॅप किंवा सिग्नलवर तोच निरोप नगण्य डेटात पोहोचतो. (तिथे इंटरनेटवरून बोलण्यावर मात्र निर्बंध आहेत, बोलण्यासाठी बोटिमसारखी परवाना असलेली अॅप वापरतात.) डेटा खातात ती शब्दांची पत्रे नव्हेत, तर चित्रे, आणि विशेषेकरून सकाळी सकाळी येणारे फुलांचे व्हिडिओ. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये ते आपोआप उतरणे बंद करता येते आणि कॉलसाठी कमी डेटा वापरण्याची सोयही तेथेच आहे. एवढे करून दिल्यावर ताईचे फर्मान सौम्य झाले. मुलाच्या निरोपांसाठी तिने इंटरनेट ठेवले, ई-मेलला दोन टप्प्यांचे कुलूप लावले, आणि आलेल्या एसएमएसच्या नावाचे शेवटचे अक्षर पाहण्याची सवय लावून घेतली: कंपन्यांच्या एसएमएसवर आता 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार आणि 'जी' म्हणजे सरकार अशी खूण असते. बँकेच्या नावाने येणारा निरोप दहा आकडी खाजगी क्रमांकावरून आला की ती वाचतदेखील नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी लोकांना सावध करावयाचे ठरविले. "नाव न घेता सांगतो," असे ते ताईला म्हणाले. ताई म्हणाली, "नाव घेऊनच सांगा फादर, लोकांना खरे वाटेल." त्यांनी तसे सांगितले. देवळाबाहेर ताईच्या भोवती माणसे जमली, हळहळली, पांगली. मग दोघेजण मागे राहिले, एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि एक विधवा बाई. त्यांनाही ती पत्रे आली होती, त्यांनीही कार्डे पाठविली होती, आणि दोघांनीही घरी अद्याप कोणाला सांगितले नव्हते. ताईने पर्समधून मोबाइल काढला आणि तेथेच पायऱ्यांवर बसून १९३० फिरविला.