रस्त्याचे भाडे कोण भरतो?

भिवंडीहून निघालेला आमचा कापडाचा टेंपो जे. जे. रुग्णालयापर्यंत बहुधा वेळेवर येतो. तेथून पायधुणीतील गोदाम जेमतेम दीड किलोमीटर. गेल्या रमजान ईदच्या तोंडावर एवढ्या अंतराला दीड तास लागला. चिपळूणचे एक जुने गिऱ्हाईक सकाळपासून पेढीवर बसून होते. संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून शेवटी त्यांनी शेजारून माल उचलला. जाताना म्हणाले, “शेठ, तक्रार तुमच्या भावाची नाही, तुमच्या रस्त्याची आहे.”

हे नुकसान कोणत्या खात्यात लिहावे?

मोहम्मद अली रोडवरची गर्दी कमी व्हावी म्हणून २००२ मध्ये जे. जे. उड्डाणपूल सुरू झाला. लांबी जवळपास अडीच किलोमीटर. ज्यांना बाजारात थांबायचे नाही, त्यांची त्यामुळे मोठी सोय झाली. पण ज्याला माल पुलाखालीच उतरवायचा आहे, त्याला पुलाचा काय उपयोग? पुढे १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली आणि नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगाही गेल्या. मात्र नाक्यावर वाचलेला वेळ आता बाजाराच्या तोंडाशी खर्ची पडतो.

सिंगापूरने हा प्रश्न हिशेबाने सोडवला. २ जून १९७५ पासून तेथे सकाळच्या गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी मोटार न्यायची तर दिवसाला तीन सिंगापूर डॉलरचा परवाना घ्यावा लागे. बस, मालगाड्या आणि चार माणसे बसलेली मोटार यांना सुरुवातीला सूट होती. सकाळच्या मोटारी झपाट्याने कमी झाल्या. १९९८ पासून ही वसुली यंत्राने होऊ लागली. लंडननेही १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्य भागासाठी दिवसाला पाच पौंड आकार सुरू केला. नंतर तो वाढत गेला.

यामागचा विचार व्यापाऱ्याला लगेच पटेल. गाळ्याच्या एकेका फुटाचे आपण भाडे मोजतो. रस्त्याची जागा मात्र फुकट समजतो. जी वस्तू फुकट मिळते, तिची उधळपट्टी होतेच.

आता थोडे आपल्या पदरात पाहू. आमच्या गल्लीत एकदा मी उभ्या गाड्या मोजल्या. निम्म्याहून अधिक आम्हा दुकानदारांच्याच होत्या, सकाळपासून रात्रीपर्यंत एका जागी. त्यात एक माझीही होती. हातगाडीवाला गाठी घेऊन त्यांच्यातून वाट काढत होता, आणि उशीर झाला म्हणून बोलणी मात्र त्यालाच बसत होती.

सरकार काय करील ते करील. तोपर्यंत तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, गाठी दुकाने उघडण्यापूर्वीच उतरवून घ्याव्यात. हमालांना लवकर यावे लागेल, त्याची जादा मजुरी द्यावी. टेंपोच्या खोळंब्यापेक्षा ती स्वस्त पडेल.

दुसरी, एकाच गल्लीतील तीन-चार पेढ्यांनी भिवंडीचा माल एकाच टेंपोत मागवावा. अर्ध्या रिकाम्या चार गाड्यांऐवजी भरलेली एक येईल. भावाची स्पर्धा दुकानात करावी, भाड्याची बचत मिळून करावी.

तिसरी, स्वतःची गाडी घरी ठेवावी. मस्जिद आणि सँडहर्स्ट रोड ही दोन स्टेशने पायी गाठता येतात. मी गेले काही महिने लोकलने येतो. गाडीची जागा मोकळी झाली, तेथे आता हातगाडी लागते.

एक गोष्ट मनाला टोचत राहते. जे. जे.कडे निघालेली रुग्णवाहिका याच रस्त्यावर अडकते. आमचे गिऱ्हाईक गेले, ते उद्या परत येईल. त्या गाडीतल्या माणसाला उद्याचा वायदा करता येत नाही. रस्त्यातला काटा बाजूला करणे हेही सवाबाचे काम, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दुकानासमोर दिवसभर उभी असलेली आपली गाडी हा काटा नव्हे काय?