जालना ते मनमाड, सलग 159 दिवस

जालन्याहून मनमाड रेल्वेने साधारण 175 किलोमीटर. सकाळी सायकलवर टांग मारून जालना सोडायचं आणि दिवस मावळेपर्यंत मनमाड मागे टाकायचं. उद्या पुन्हा तेवढंच, परवाही तेवढंच. असे 159 दिवस काढले, की पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 साली केलेल्या कामाची सरासरी हाती लागते: रोज 182 किलोमीटर.

वीस वर्षांची ही मुलगी 17 जुलैला ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून निघाली. 14 देश पालथे घालून 23 डिसेंबरच्या पहाटे तिने कोलकात्यात 29,000 किलोमीटर पुरे केले. त्या वेळच्या बातम्यांनी तिला सायकलवर जगाला फेरी मारणारी सर्वांत वेगवान आशियाई म्हटलं. 29,000 म्हणजे 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 41 वेळा, वर थोडं उरतंच. यातलं जवळपास 80 टक्के, म्हणजे 23,000 किलोमीटरहून जास्त अंतर तिने तंबू, दुरुस्तीची अवजारं, सामान स्वतःच वाहत एकटीने कापलं.

आता आकडा चाकाखाली घेऊ. सायकलचं चाक एका फेऱ्यात साधारण 2.1 मीटर पुढे जातं, म्हणजे चाकाचे फेरे झाले सुमारे 1 कोटी 38 लाख. पायडलच्या एका फेऱ्याला पाच मीटर धरले, तर प्रत्येक पाय 58 लाख वेळा खाली दाबला गेला. मिनिटाला 70 फेरे मारले तरी रोज पावणेनऊ तास निव्वळ पाय फिरवण्यात जातात. त्याला तासाला साडेचारशे कॅलरी धरल्या आणि ज्वारीच्या भाकरीच्या दीडशे, तर 26 भाकरी केवळ सायकलच्या वाट्याच्या. स्वतःच्या जगण्यासाठीच्या वेगळ्या.

हवेचे आकडेही असेच टोकाचे. सगळ्यांत थंड क्षण उणे 20 अंशांचा, सगळ्यांत गरम 37 चा. एकाच प्रवासात, एकाच अंगावर 57 अंशांचा फरक. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, रशियात बर्फात एकटीने रात्री काढल्या.

पण खरं चक्रावून टाकतो तो वेग. त्यासाठी आधी इतर दोघी सायकलपटूंना भेटू.

इटलीची व्हिट्टोरिया बुस्सी, गणितात डॉक्टरेट केलेली. 2023 मध्ये मेक्सिकोतल्या ट्रॅकवर तिने एका तासात 50.267 किलोमीटर कापले. तासात पन्नाशी ओलांडणारी ती पहिली स्त्री. 250 मीटरच्या ट्रॅकवर हे 201 फेरे होतात, प्रत्येक फेरा 18 सेकंदांच्या आत.

इंग्लंडच्या बेरिल बर्टन यॉर्कशरमधल्या शेतावर राबत. ट्रॅकवर पाच आणि रस्त्यावर दोन अशी सात जागतिक विजेतेपदं त्यांच्या नावावर. 1967 मध्ये बर्टनबाईंनी 12 तासांत 277.25 मैल, म्हणजे 446 किलोमीटर कापले. जालना ते मुंबई रेल्वेने सुमारे 440. वंदे भारत गाडीला तेवढ्यासाठी सात तासांच्या आसपास लागतात, बाईंना 12 पुरले. त्याच शर्यतीत माइक मॅकनमारा यांनी पुरुषांचा नवा विक्रम केला होता: 276.52 मैल. बाई सुमारे सव्वा किलोमीटरने पुढे राहिल्या, आणि ओलांडून जाताना त्यांनी मॅकनमारांना एक गोड गोळी खायला दिली. पुरुषांना हा आकडा गाठायला दोन वर्षं लागली, बायकांना 50. बाईंना ऑलिंपिक मात्र मिळालं नाही. पुरुषांची सायकल 1896 पासून तिथे होती, बायकांची शर्यत आली 1984 मध्ये.

आता तिघींना एका कागदावर मांडू. बुस्सीचा वेग न थांबता टिकला असता, तर 29,000 किलोमीटर 24 दिवसांत झाले असते. बर्टनबाईंच्या वेगाने साडेबत्तीस दिवसांत. वेदांगीचे 159 दिवस म्हणजे 3,816 तास. भागाकार केला तर ताशी 7.6 किलोमीटर! एवढा वेग तर सकाळी मैदानावर हळूहळू पळणाऱ्यालाही जमतो. तिच्या आधीच्या वर्षी मार्क ब्युमाँट या सायकलपटूने हीच जगाची फेरी 79 दिवसांच्या आत मारली. दिमतीला गाडी आणि माणसं होती, तरी रात्रंदिवस धरून त्याचाही ताशी वेग 15 च्या आसपासच भरतो.

म्हणजे या फेरीत पाय कमी पडत नाहीत, वेळ गळतो. झोपेत, जेवणात, पंक्चरमध्ये, विमानतळावर. वेदांगीचा तर व्हिसाच्या खोळंब्यातही बराच गेला. कधी दिवसाला 300 किलोमीटर, कधी शून्य, आणि या दोन्हींची सरासरी 182. शून्याच्या दिवसांनी बुडवलेलं अंतर 300 च्या दिवसांनी फेडायचं असतं. ते फेडायची तयारी 159 दिवस टिकवणं, हीच या आकड्यातली मोठी गोष्ट.

जगाच्या फेरीच्या विक्रमासाठी गिनीजचा नियमही हिशेबाला कडक. सायकलवर किमान 18,000 मैल हवेत, विमान-जहाज धरून एकूण प्रवास विषुववृत्ताएवढा, 40,075 किलोमीटर, आणि शेवट सुरुवातीच्याच जागी. म्हणून कोलकात्यात 29,000 भरल्यावरही वेदांगीला पर्थला परतून आणखी 15 किलोमीटर सायकल चालवायची होती.