खिडकीतलं बेट

शिडाच्या बोटीने बेटं भटकायचं स्वप्न सगळेच बघतात. पण भाईंदरकरांनो, तुमच्या लोकलच्या पुलाखाली एक बेट आहे, ते कधी बघितलंत?

तुमच्या ऑफिसातल्या कम्प्युटरच्या स्क्रीनवर कसला फोटो आहे? निळंशार पाणी, पांढरी वाळू, झुकलेले दोन माड आणि मधोमध नांगर टाकून उभी असलेली शिडाची बोट? असेल तर लाजू नका, तुमच्यासारखे खूप आहेत. एक्सेल शीट मिनिमाइज केली की सेकंदभर आपण फिजीत! मग बॉसची हाक येते आणि आपण पुन्हा अंधेरीत.

गंमत म्हणजे ही लाइफ खरोखर जगणारी माणसं जगात आहेत. घर विकतात, पस्तीस-चाळीस फुटांची बोट घेतात आणि निघतात. पनामाचा कालवा ओलांडायचा, पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे पाठीशी घ्यायचे आणि पॅसिफिकमधल्या मार्केसस बेटांकडे नाळ वळवायची. मध्ये जवळपास चार हजार सागरी मैल नुसतं पाणी. तीन-चार आठवडे जमीन नाही, मॉल नाही, मोबाइलला रेंज नाही. मग एका सकाळी क्षितिजावर हिरवा डोंगर दिसतो. पुढे ताहिती, टोंगा, फिजी. ज्या गावांत विमान उतरत नाही आणि रस्ता पोहोचत नाही, तिथे ही मंडळी बोटीने जातात.

आता यातला खरा फंडा ऐका. फिजीतल्या लांबच्या गावासमोर बोट नांगरली, की उडी मारून बीचवर पळायचं नसतं. आधी गावात जायचं. टोपी आणि गॉगल काढायचा, खांदे आणि गुडघे झाकायचे. कावा नावाच्या झाडाच्या मुळांची जुडी गावप्रमुखासमोर ठेवायची आणि त्याची परवानगी मागायची. या रिवाजाला तिथे ‘सेवूसेवू’ म्हणतात. प्रमुखाने जुडी स्वीकारली की तुम्ही गावचे पाहुणे. मग पोहा, मासे पकडा, कुणाच्याही घरी गप्पा मारा. तिथे समुद्र आणि किनारा गावाचा मानला जातो. आपल्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही म्हणतात ना, तसंच.

ही मुळांची जुडी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आपला माणूस, आपली बोट

‘हे सगळं गोऱ्यांचे लाड’ असं वाटत असेल तर थांबा. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय म्हणजे नौदलातले दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईतच परतले. वाटेत फक्त चार थांबे घेतले: ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडचं लिटलटन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन. बाकी दिवस-रात्र ते, वारा आणि बोट.

बोटीचं नाव ‘म्हादेई’. ती गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली. तिचं डिझाइन डच होतं आणि डिझाइनचं नावच ‘टोंगा ५६’. म्हणजे पॅसिफिकच्या बेटांचं नाव, मांडवीकाठचे कारागीर आणि मराठी नाखवा. सॉलिड कॉम्बिनेशन!

याच म्हादेईवरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. दांडेकरांच्याच यार्डात बांधलेल्या ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जग फिरून आल्या. २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच तारिणीवरून दिलना आणि रूपा या दोघीच निघाल्या आणि मे २०२५ मध्ये परतल्या. तेव्हा ‘आपल्याला कुठे जमणार’ हे एक्स्क्यूज आता चालणार नाही.

तुम्ही बेटावरच राहता, बॉस!

आता नकाशा उघडा. मीरा-भाईंदर हे साष्टी बेटाचं उत्तर टोक. वर वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत रस्ता मिठागरांच्या कडेने डोंगरी, उत्तन, पाली, चौक अशा गावांत जातो. या पट्ट्याला जुनी माणसं आजही धारावी बेट म्हणतात. झोपडपट्टीवाली धारावी वेगळी, ही वेगळी. खाली गोराई, मनोरी हीसुद्धा त्याच बेटाची गावं. मिसळीची प्लेट संपायच्या आत टॉवर मागे पडतात आणि कोळीवाडा सुरू होतो.

उत्तन-पाली-चौकात पूर्वी शिडाचीच होडकी होती. तिरक्या आडकाठीवर ताणलेलं त्रिकोणी शीड आणि सुकाणूवर एक अनुभवी हात. टायमिंगही निसर्गाने ठरवलेलं. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यावर बाहेर पडायचं. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की त्यावर घरी यायचं. पेट्रोल शून्य! स्वातंत्र्यानंतर हळूहळू इंजिनं आली आणि शिडं गुंडाळली गेली. पण डोल जाळी आहेत. ओहोटीच्या आणि भरतीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून बसणारी ही पिशवीसारखी जाळी बोंबील गोळा करतात. तेच बोंबील मग बांबूच्या चौकटींवर वाळताना दिसतात. त्या वासाने नाक मुरडणार असाल तर फिजीलाही जाऊ नका, मासा तिथेही वाळवतात.

आणि ते खिडकीतलं बेट

सीट मिळावी म्हणून भाईंदरहून रिटर्न मारणाऱ्यांनी आणि नालासोपारा-विरारला राहणाऱ्या दोस्तांनी हे बेट शेकडो वेळा ओलांडलं आहे. भाईंदर सुटलं की गाडी खाडीवरच्या पुलावर चढते, दाराशी गार वारा लागतो, मग थोडा वेळ खाली झाडं आणि जमीन दिसते आणि परत पूल. मधली ती जमीन म्हणजे पाणजू बेट.

पाणजू हे अख्खं गाव आहे. पालिकेच्या हिशेबात ते आपलं नाही. तालुका वसई, जिल्हा पालघर. घरं आहेत, देवळं आहेत, शाळेत जाणारी मुलं आहेत आणि आपल्यासारखीच नोकरीला जाणारी माणसंही आहेत. नाही तो फक्त रस्ता. नायगावला जायचं तर होडी. रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तरी होडीच. विरारहून मुंबईला पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ ला धावली. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं या खाडीवरून रोजची गाडी जाते आहे, पण गाडी पाणजूला थांबत नाही.

होडी नसते तेव्हा गावकरी रेल्वेच्या पुलाच्या कडेने चालत स्टेशन गाठतात. हौस म्हणून नाही, इलाज नाही म्हणून. आणि नेमकं त्याच पुलावर आपण काय करतो? दारातली मंडळी सरकतात, कुणीतरी पिशवी पुढे करतं, ‘जरा टाका ना’ म्हणतं आणि घरचं निर्माल्य प्लास्टिकसकट खाडीत! हात जोडले, पुण्य जमा, पुढचं स्टेशन नायगाव.

सप्टेंबर २०२५ मध्ये पाणजूचा एक तरुण असाच पुलावरून नायगावकडे चालत निघाला होता. धावत्या लोकलमधून कुणीतरी फेकलेला निर्माल्याचा नारळ त्याच्या डोक्याला लागला. उपचार सुरू असतानाच तो गेला. फेकणाऱ्याला बहुधा कळलंही नसेल. गाडी पुढे निघून गेली होती.

आता ती कावाच्या मुळांची जुडी आठवा. पॅसिफिकमधल्या गावासमोरून जाणारा खलाशी थांबतो, टोपी काढतो, भेट देतो. आपण आपल्या शेजारच्या बेटावरून रोज जातो आणि आपली भेट म्हणजे धावत्या दारातून भिरकावलेली पिशवी. खाली गाव आहे हे माहीत नव्हतं, हे कारण आतापर्यंत चाललं असेल. हे वाचल्यावर नाही चालणार. निर्माल्य पालिकेच्या कलशात टाका, सोसायटीत त्याचं खत करा. देव काही पुलाखालीच राहत नाही.

संडे क्रूझ, शिडाशिवाय

यॉट घ्यायला वेळ आहे, ठीक. तोपर्यंत हा प्लॅन घ्या. दोन सुट्ट्यांत विभागलात तर उत्तम.

पहिला दिवस: भाईंदर पश्चिमेहून वसईची रो-रो बोट पकडा. २०२४ च्या फेब्रुवारीत ही सेवा सुरू झाली. घोडबंदरमार्गे गाडीने मोठा वळसा पडतो, इथे खाडी थेट ओलांडता येते. बाइकही सोबत नेता येते. डेकवरून पूर्वेला बघा, रेल्वेचा पूल दिसेल. रोज ज्या पुलावरून जाता तो पाण्यावरून कसा दिसतो, ते अनुभवाच. पलीकडे वसईचा किल्ला. पोर्तुगीजांकडून तो चिमाजी आप्पांच्या फौजेने मे १७३९ मध्ये घेतला. उन्हं चढायच्या आत फिरून घ्या.

दुसरा दिवस: भाईंदर स्टेशनहून बस पकडून उत्तन आणि चौक. चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे. वसईच्या लढाईत खाडीच्या तोंडावर नजर ठेवणारी ही जागा मराठ्यांनी १७३९ मध्येच जिंकली. वर उभं राहिलात की समोर खाडीचं तोंड आणि पलीकडे वसई. ही जागा एवढी महत्त्वाची का होती हे पुस्तक न वाचता कळतं. मग गोराई-मनोरी करत मनोरीच्या जेट्टीवर या, फेरीने मार्वेला उतरा आणि मालाडहून लोकलने घरी. झाली की आयलंड हॉपिंग!

पाणजूला जायचं असेल तर पिकनिक म्हणून टोळकं घेऊन जाऊ नका. ओळखीचं कुणी असेल तर त्यांच्याबरोबर जा. होडीत जागा कमी असेल तर आधी गावकरी, मग आपण. त्यांची ती लोकल आहे.

भरतीचं गणित

खाडीत फिरायचं तर भरती-ओहोटी कळायला हवी. आपल्या किनाऱ्यावरचा जुना फॉर्म्युला सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पुढची भरती साडेबारा तासांनी आणि मध्ये सहा तासांवर ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत जास्त चढतं, तेच उधाण. हा अंदाज आहे, पक्क्या वेळेसाठी अधिकृत तक्ता बघा. पण कॅलेंडर आणि पाढे यांच्यावर चालणारं हे अ‍ॅप चार्ज करावं लागत नाही.

पाहुण्यांचे चार नियम

– फोटो काढण्याआधी विचारा. ‘मावशी, एक फोटो काढू का?’ एवढंच. नाही म्हणाल्या तर नाही.

– वाळत घातलेल्या जाळ्यांवर आणि मासळीच्या चौकटींजवळ पाय देऊ नका. ते कुणाचं भांडवल आहे.

– उत्तन परिसरात रविवारी सकाळी चर्चची वेळ असते. बाइकचा सायलेन्सर जरा आवरा.

– रिकाम्या हाताने परतू नका. सुकट घ्या, बोंबील घ्या आणि घासाघीस बेताची करा. मॉलमध्ये करता का?

आणि खरोखर शीड धरायचं असेल तर?

शिडाची बोट वाऱ्याच्या थेट तोंडावर जात नाही, पण तिरकी जाऊ शकते. शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं, बोटीच्या पोटाखालची जड पाती तिला आडवं सरकू देत नाही आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी करत ती वारा येतो त्याच दिशेला पुढे जाते. एकदा हे हाताला कळलं की नाद लागतो, असं शिकलेले सगळेच सांगतात.

शिकायचं कुठे? गेटवेसमोरच्या बंदरात पावसाळा सरला की क्लबांची छोटी शिडं दिसू लागतात. तिथला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा आहे. गोव्यात केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाखालची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. आधी पोहायला शिका, लाइफ जॅकेट फॅशन नाही म्हणून टाळू नका आणि पावसाळ्यात तर नावच काढू नका. जन्म समुद्रात गेलेले कोळीसुद्धा नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन मगच होडी लोटतात.

तोही नारळच, पण तो हाताने, वाकून, पाण्यावर सोडला जातो.

उद्या विरार लोकलच्या दारात उभे असाल तेव्हा पुलावर एकदा खाली बघा. कडेने कुणी चालत असेल. शेजारच्याने पिशवी पुढे केली तर फक्त एवढंच म्हणा, ‘दादा, खाली गाव आहे.’ फिजीचं तिकीट काढायच्या आधी आपला सेवूसेवू इथूनच सुरू करू या.