विश्लेषण : नोकरी सोडून व्यवसाय... वहीत नफा, पण हातात पैसे नाहीत, असे का होते?

नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करणाऱ्या अनेकांचे पहिले वर्ष सारखेच जाते. ऑर्डर येतात, बिले निघतात, वहीत नफाही दिसतो. पण महिनाअखेरीस घराचा हप्ता भरायला बचतीला हात लावावा लागतो. कल्पनाच चुकली, असे समजून काही जण थांबतात. काही जण पीएफ मोडून तोच व्यवसाय तसाच पुढे रेटतात. नेमकी चूक कोणती, हे दोघांनाही कळलेले नसते. पगाराच्या कोणत्या सवयी व्यवसायात महागात पडतात, चूक वेळेत कशी ओळखायची आणि थांबायचे कुठे, याविषयी...

पगाराची सवय आड का येते?

पगार ठरलेल्या दिवशी जमा होतो आणि कर, पीएफ वजा होऊनच येतो. त्यामुळे खात्यात दिसते ती रक्कम आपली, असे धरून चालले तरी बिघडत नाही. व्यवसायात हेच गृहीतक घातक ठरते. तिथे खात्यातल्या पैशांत ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी असतो, माल पुरवणाऱ्याचे देणे असते, पुढच्या महिन्याचे भाडे असते आणि अजून न केलेल्या कामाची आगाऊ रक्कमही असते. या सगळ्यांचे वजा करून उरते तेवढीच मालकाची.

दुसरा फरक वेळेचा. नोकरीतली चूक बहुतेक वेळा वरिष्ठ लगेच दाखवून देतात. व्यवसायात ती दाखवणारे कोणी नसते आणि परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो. तोवर तीच चूक आणखी दोन-तीनदा झालेली असते.

नफा असूनही पैसे कुठे अडकतात?

समजा, एका छोट्या उत्पादकाने दुकानदाराला १ लाख रुपयांचा माल ६० दिवसांच्या उधारीवर दिला. १८ टक्के जीएसटी धरून बिल झाले १ लाख १८ हजारांचे. कच्चा माल ६० हजारांचा, त्यावर जीएसटी १० हजार ८०० रुपये आणि मजुरी १५ हजार. विक्रीवरच्या १८ हजारांच्या करातून खरेदीवर भरलेला कर वजा केला, की सरकारला भरायचे ७ हजार २०० रुपये. म्हणजे दुकानदाराकडून एक रुपयाही येण्याआधी ९३ हजार रुपये बाहेर गेले. वहीत नफा २५ हजार, हातात मात्र उणे ९३ हजार.

दर महिन्याला अशी एक ऑर्डर असेल, तर पहिले पैसे येईपर्यंत १ लाख ८६ हजार रुपये अडकून राहतात. विक्री दुप्पट झाली, की अडकणारी रक्कमही दुप्पट होते. मोठी ऑर्डर आली म्हणून पेढे वाटणाऱ्यावर दोन महिन्यांनी उसने पैसे मागायची वेळ येते, ती अशी.

इथे जीएसटीचा नियम नीट समजून घ्यायला हवा. ग्राहकाने पैसे दिले की नाही, याच्याशी कराचा संबंध नाही. बिल निघाले, की कर लागू होतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. उशीर झाला, तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागते. महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल मालासाठी ४० लाख आणि सेवांसाठी २० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. मात्र, परराज्यात माल विकायचा असेल तर ही सवलत मिळत नाही.

उधारी वसूल करण्यासाठी कायदा काय सांगतो?

सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि लेखी करार असला तरी ही मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल, तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. म्हणजे वरच्या उदाहरणातली ६० दिवसांची उधारीच कायद्यात बसत नाही.

यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते. वाद होण्याची वाट न पाहता व्यवहाराआधीच ती करून ठेवणे सुरक्षित. मात्र, निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळत असली, तरी तिचा फायदा प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच आहे. ४५ दिवसांचे संरक्षण त्याला नाही. खरेदीदारावर आणखी एक दडपण आहे. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून, मुदतीत पैसे न दिल्यास तो खर्च त्याला त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही; प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच करता येतो.

प्रत्यक्षात पहिल्याच ग्राहकाविरुद्ध तक्रार करायला कोणी धजावत नाही. म्हणून खरा उपाय ऑर्डर घेतानाचा आहे. काही रक्कम आगाऊ घेणे, मुदत बिलावर छापणे आणि मागची बाकी आल्याशिवाय पुढचा माल न देणे.

स्वतःचा पगार हिशेबात का धरायचा?

डबे पुरवण्याच्या व्यवसायात महिन्याला ३० हजार रुपये उरतात, असे एखादे जोडपे सांगते. दोघेही रोज दहा तास राबतात, स्वयंपाकघर स्वतःचे, डबे पोचवायला स्कूटरही स्वतःची. बाहेरचा माणूस ठेवला असता आणि जागा भाड्याने घेतली असती, तर उरले असते का, हा प्रश्न विचारलेलाच नसतो. हिशेबात स्वतःच्या श्रमाला शून्य मोल दिले, की दर कमी ठेवला जातो. कमी दरामुळे काम वाढते आणि कामासोबत तोटाही. पुढे माणूस ठेवायची वेळ येते, तेव्हा त्या दरात त्याचा पगार बसत नाही.

म्हणून पहिल्या महिन्यापासून स्वतःचा पगार ठरवून तो खर्चात धरावा. तो प्रत्यक्ष घेता आला नाही, तरी वहीत लिहावा. व्यवसायाचे आणि घराचे खाते वेगळे ठेवावे. जीएसटीची रक्कम ज्या दिवशी येते त्याच दिवशी तिसऱ्या खात्यात टाकावी.

राजीनाम्याआधीच्या चुका कोणत्या?

पहिली चूक आरोग्य विम्याची. कंपनीचे समूह विमा संरक्षण नोकरीबरोबर संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते का, हे नोकरी सोडण्यापूर्वीच विचारावे. नव्याने पॉलिसी घेतली, तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा कालावधी असू शकतो. एका शस्त्रक्रियेत व्यवसायाचे भांडवल संपू शकते.

दुसरी चूक कर्जाची. पगाराची पावती हातात आहे तोवर वैयक्तिक कर्ज सहज मिळते, म्हणून अनेक जण ते काढून राजीनामा देतात. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, व्यवसायाचे उत्पन्न मात्र नंतर येते. तिसरी चूक व्यवसायाच्या स्वरूपाची. एकल मालकी आणि भागीदारीत देण्यांची जबाबदारी वैयक्तिक मालमत्तेवरही येते. एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत ती मर्यादित असते. पण बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिली, तर त्या कर्जापुरते हे कवच उरत नाही. ‘नुसती सही करा’ असे सांगितले जाते तो कागद बहुधा हाच असतो.

चूक आहे की फक्त वेळ लागतो आहे, हे कसे ओळखायचे?

एन. आर. नारायण मूर्ती यांची इन्फोसिस ही पहिली कंपनी नव्हती. आधी सुरू केलेली ‘सॉफ्ट्रॉनिक्स’ सुमारे दीड वर्षात बंद पडली. त्यानंतर त्यांनी पुण्यात पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नोकरी धरली आणि १९८१ मध्ये सहकाऱ्यांसह पुण्यातच इन्फोसिस स्थापन केली. सुरुवातीला हाताशी होते सुधा मूर्ती यांनी दिलेले १० हजार रुपये. सॉफ्ट्रॉनिक्सची भिस्त देशांतर्गत बाजारावर होती आणि तो बाजार तेव्हा तयारच नव्हता. इन्फोसिसने परदेशी ग्राहक धरले. काम तेच राहिले, ग्राहक बदलला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण याच्या उलट. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून ते बेळगावला सायकलींच्या व्यवसायात उतरले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. गरज खरी होती, ग्राहकही होता. अडसर होता तो विश्वासाचा. तिथे धीर धरणे योग्य ठरले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली.

दोन्ही ठिकाणी सुरुवातीला विक्री होत नव्हती; कारणे मात्र वेगळी होती. कारण ओळखायचे, तर अंदाज आधी लिहून ठेवलेला हवा. किती ग्राहक, कोणत्या दराने, किती दिवसांत पैसे देतील आणि त्यातले किती पुन्हा येतील, हे चार आकडे सुरुवातीलाच लिहावेत आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहावेत. लोक एकदा घेतात, पण पुन्हा येत नाहीत, तेव्हा दोष वस्तूत असतो. जे घेतात ते पुन्हा येतात, पण नवे येत नाहीत, तेव्हा दोष पोहोचण्यात असतो. दोन्ही होते, तरी पैसे उरत नाहीत, तेव्हा दरात किंवा उधारीत. सुधारणा करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सगळे एकदम बदलले, तर कशाने फरक पडला ते कळत नाही. लिहिलेले आकडे नसतील, तर मन सोयीची आठवण काढते आणि दोष बाजाराला दिला जातो.

थांबायचे कधी आणि कसे?

‘एवढे घातले, आता थोड्यासाठी कशाला सोडायचे’ या एका वाक्याने अनेकांच्या ठेवी संपवल्या आहेत. गेलेले पैसे पुढच्या निर्णयात धरायचे नसतात. पुढे घालायचे पैसे परत येतील का, एवढेच पाहायचे असते. म्हणून किती रक्कम आणि किती महिने, ही मर्यादा डोके शांत असताना, म्हणजे राजीनाम्याआधी, घरच्यांसमोर ठरवावी आणि लिहून ठेवावी.

थांबल्यावरही कागद पूर्ण करावे लागतात. दुकान बंद केले, पण जीएसटी नोंदणी रद्द केली नाही, तर शून्य उलाढालीचीही विवरणपत्रे भरावी लागतात. नाही भरली, तर विलंब शुल्क साचत जाते. व्यवसायातला तोटा त्याच वर्षीच्या पगारातून वजा करता येत नाही. मात्र, प्राप्तिकर विवरणपत्र मुदतीत भरले असेल, तर तो पुढची आठ वर्षे व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येतो. नोकरीत परतलेला माणूस चार वर्षांनी पुन्हा व्यवसायात उतरला, तर पहिल्या प्रयत्नातला तोटा तेव्हाचा कर कमी करू शकतो. तारीख चुकवून विवरणपत्र भरणाऱ्याला ही सोय मिळत नाही.