वकिलासाठी बैल विकू नका



मृगाच्या तोंडावर पाड्यावरचा एक बाप माझ्याकडे आला. मोटरसायकल चोरीच्या संशयावरून त्याच्या सोळा वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेले होते. "ताई, वकिलासाठी बैल विकू का?"

"दादा, बैल राहू दे," मी म्हटले. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक बालकाला, तसेच अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीला सरकारतर्फे मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज दिला. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडेही तो देता येतो. 15100 वर फोन केला तरी चालतो.

पोलिसांच्या कागदावर मुलाचे वय एकोणीस लिहिलेले होते. वकिलांनी पहिल्यांदा शाळेचा जन्मतारखेचा दाखला मागितला. मी आश्रमशाळेतून तो आणला, आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेले. तेथे एका न्यायदंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. 18 वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. 24 तासांच्या आत मंडळापुढे न्यावे लागते.

मुलगा मराठीत गप्प राहायचा. त्याची बोली जाणणारे मंडळीतील एक भाऊ वकिलांसोबत बसले, तेव्हा तो बोलू लागला.

आता तो जामिनावर घरी आहे. चौकशी चालू आहे. त्याची ओळख छापण्यास कायद्याने मनाई आहे. प्रार्थनेत त्याला आठवा. नाव प्रभूला ठाऊक आहे.